वरवंटा विमानाने गेला तेव्हा

लग्नकार्यात कोणी "या एक्स्पोर्टमध्ये होत्या" अशी माझी ओळख करून दिली की समोरच्याचे डोळे मोठे होतात. त्याला वाटतं, माझे स्वतःचे आंब्याचे कंटेनर दुबईला जात असणार. मग मला खुलासा करावा लागतो, की बाबा रे, माझं स्वतःचं कधीच काही कुठे गेलं नाही, मी दुसऱ्यांच्या मालाची तिकिटं काढत होते. माणसांसाठी ट्रॅव्हल एजंट असतो ना, तशी मी खोक्यांची. एकतीस वर्षं हेच केलं. सोमवारी सकाळी रेवसहून करंजाची लाँच पकडायची, आठवडाभर उरणला राहायचं आणि शनिवारी नागावच्या घरी परत. ऑफिसात माझ्या टेबलाच्या एका बाजूला न्हावा-शेव्याहून सुटणाऱ्या जहाजांची वेळापत्रकं, दुसऱ्या बाजूला सहारहून उडणाऱ्या विमानांची, आणि मधे मी.

समोरच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मॅडम, विमान बरं की बोट?"

आता हे म्हणजे थालीपीठ बरं की पुरणपोळी असं विचारण्यासारखं आहे. घरात माणसं किती, वेळ किती, आणि पचवायची ताकद किती, यावर ते ठरतं. जहाज सावकाश जातं, पण त्याचं पोट मोठं. तुमचा माल कंटेनरभर नसला तरी चालतं, चार जणांचा माल एका कंटेनरमध्ये गुण्यागोविंदाने बसवतात. पण तो भरेपर्यंत थांबायचं, मग जहाजाची वाट बघायची, मग समुद्र. विमान चार-पाच दिवसांत पोचवतं, पण ते मोठं चिकित्सक. ते तुमचा माल काट्यावर ठेवतंच, शिवाय टेपही लावतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सहा हजारांनी भागायचं. येईल ते झालं विमानाच्या हिशेबातलं वजन. काट्यावरचं आणि हे, यातलं जे जास्त असेल त्यावर भाडं. हा भागाकार मी भाजी निवडतानाही करू शकते.

हे लोकांना पटत नाही. आमच्या नागावच्याच एका गृहस्थांनी किनाऱ्यावर पर्यटकांना बसवून ओढायचे ते हवेचे मोठे सोफे परदेशातून मागवले. विमानाने. मी म्हटलं, हवा काढून घडी करून पाठवायला सांगा. तर म्हणाले, "नको ताई, फुगवलेलेच येऊ देत. पंक्चर असेल तर तिथल्या तिथं कळेल. आणि हलके तर हायेत, दोन पोरं उचलतात." मी लाख सांगितलं. शेवटी सोफे फुगून आले, आणि त्यांच्या भाड्याचा कागद बघून गृहस्थांतली हवा गेली. परदेशातली हवा विमानाने मागवणारा रायगड जिल्ह्यातला तो पहिलाच माणूस असावा. अजून दिसले की मान दुसरीकडे वळवतात.

खरं सांगायचं तर मी पहिल्यापासून बोटीच्या बाजूची. विमानाने पाठवणाऱ्यांनी काहीतरी विसरलेलं असतं, म्हणून त्यांना घाई असते, असं माझं मत. जहाजवाला माणूस आधी विचार करतो, नीट बांधतो आणि वाट बघतो. आमचे शेठ किरीटभाई मला चिडवायचे, "बेन, तुमचा विमानवाळा साथे काय झगडा छे?" झगडा काही नव्हता. पण गिऱ्हाइकाने घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, की मी त्याला बोटीतच बसवायचे. या हट्टापायी मी एकदा चांगलीच तोंडघशी पडणार होते, तीच गोष्ट सांगायची आहे.

पण त्याआधी माझे तीन प्रश्न. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी ते पाठ करायला लावायचे. काय आहे? कधी पोचायला हवं? आणि आत आणखी काय आहे? यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्या माणसाला मोकळी जागा दिसली की ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. कुकर पाठवला तर कुकरात लोणचं. बूट पाठवले तर बुटात आमसुलं. एका माउलीने लेकाला पाठवलेल्या तबल्याच्या डग्ग्यात चिवडा निघाला होता. तो तिथे कसा घातला, हे मला आजही कळलेलं नाही.

तर दोनेक वर्षांपूर्वी, निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना, दामूमामा ऑफिसात आले. मामा चौलकडचे सुतार. आमच्या नागावच्या घराचे दरवाजे त्यांच्या हातचे, त्यामुळे लहानपणापासूनची ओळख. ऑफिसात आल्यावर खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून बघितली, आणि एक पाय कमी आहे असं मला सांगितलं. मग खिशातून कागद काढला. त्यावर पेन्सिलीने पाळणा काढलेला होता, मापांसकट.

"सुजाताला धाडायचाय. हॉलंडला."

सुजाता त्यांची एकुलती एक लेक. जावई तिकडे कामाला. तिला आठवा महिना नुकताच लागला होता. तारीख साठ दिवसांवर होती, आणि बाराव्या दिवशी बारसं. त्याच्या आत पाळणा तिकडे टांगला जायला हवा.

"विमानानं जाईल का?" मामांनी विचारलं.

मी भागाकार केला. पेटी धरून पाळणा वीसेक किलोचा, पण आतून सगळा पोकळ. विमानाच्या हिशेबात साठ किलो. "मामा, तुम्ही हवेचं भाडं भरणार," मी म्हटलं. "बोटीने पाठवा. तांबड्या समुद्राकडचा जवळचा रस्ता सध्या धोक्याचा झालाय, जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जातात. तरी पंचेचाळीस दिवस धरा, आठवडा तिकडे सोडवायला. आरामात पोचेल."

मामांनी मान डोलावली. मी कागद केले. घरी भाताच्या काट्यावर तोलून त्यांनी वजन कळवलं होतं, वीस किलो. मी टाइप केलं, लाकडी पाळणा, रिकामा, नग एक. आणि तिसरा प्रश्न विचारलाच नाही. ओळखीच्या माणसाला काय विचारायचं? इथेच चुकलं.

चार दिवसांनी गोदामातून फोन आला. जहाजात चढवायचा माल आधी या गोदामात येतो, तिथे त्याचं वजन होतं, आणि गरज पडली तर कस्टमचे साहेब पेटी उघडून बघतात. काट्यावर पाळणा पंचवीस किलो भरत होता. कागदावर वीस. पाच किलोंचा फरक म्हटल्यावर पेटी उघडणं आलंच. मी रिक्षा करून गेले.

झाकण काढलं तर आत भाताचा पेंढा गच्च भरलेला. मामांनी घरी फळं भरावीत तसा पाळणा पेंढ्यात भरला होता. असा पेंढा परदेशात चालत नाही, त्यातून किडे जातात. पेटीही आंब्याच्या फळ्यांची, भट्टीत तापवल्याचा शिक्का नसलेली. तीही चालत नाही. हमालाने पेंढा बाजूला केला आणि एकदम दोन पावलं मागे सरकला.

"मॅडम, आत मूल आहे!"

पाळण्यात खरंच कोणीतरी निजलं होतं. झबलं, टोपडं, गळ्यापर्यंत गोधडी, काजळाचे दोन डोळे. शेजारी एक नारळ आणि पुरचुंडीत तांदूळ. साहेबांनी वाकून गोधडी उचलली, आणि मग त्यांचा चेहरा असा सैल झाला, की मला आधी काही समजेना.

"अहो, हा तर वरवंटा," ते म्हणाले. "माझ्या पोराच्या बारशाला आईने असाच नटवला होता."

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला नटवून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण तो पाळण्यातून समुद्रमार्गे निघालेला मी प्रथमच बघत होते. साहेब हसले खरे, पण काम सोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पेंढा काढा, पेटी बदला, तांदूळ-नारळ बाहेर ठेवा, आणि कागदावर नसलेला दगड एकतर काढा नाहीतर कागद बदला. यात दोन दिवस जाणार होते. कंटेनर संध्याकाळी बंद होणार होता. पुढचं जहाज पंधरा दिवसांनी. म्हणजे पोचणार बारशाच्या जेमतेम आधी, तेही समुद्र शहाण्यासारखा वागला तर.

मी मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी मामा आणि मामी दोघंही गोदामात हजर. मामी लहानखुरी, नऊवारी पातळ, आणि लाँचमधून उतरल्यापासून रागावलेली. मी कागद पुढे केला तर तिने नातेवाइकासारखी माझी उलटतपासणी घेतली.

"काय लिवलंयस त्यात?"

"लाकडी पाळणा, रिकामा, एक."

"रिकामा? रिकामा कुनी सांगितला तुला? रिकामा पाळना कुनी हलवत न्हाय, तू तर साता समुद्रापार धाडायला निघालीस!"

"मामी, दगड घातला नसता तर काल गेला असता हो."

"मंग बरं झालं न्हाय गेला ते."

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी मामांना बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा, एवढा हट्ट कशाला. मामांनी चहा बशीत ओतला आणि त्यावर फुंकर घातली.

"ताई, ह्यो पाळना नवीन न्हाय. चार वर्सं झाली करून."

सुजाताला चार वर्षांपूर्वी दिवस गेले होते. बाळंतपणाला ती माहेरी आली. मामांनी फणसाचं लाकूड आणून, एकही खिळा न मारता पाळणा केला आणि हौसेने आधीच माजघरात टांगला. सातव्या महिन्यात सगळं संपलं. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाळणा समोरच होता. काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आठ दिवसांनी सुजाता हॉलंडला गेली, ती पुन्हा आली नाही. फोन रोज. पण यायचं म्हटलं की सुट्टी नाही, कधी तिकीट नाही, काहीतरी निघायचंच. या खेपेलाही बाळंतपणाला माहेरी ये म्हटल्यावर तिने तिकडेच बरं म्हणून सांगितलं होतं.

"आमची ही म्हनते, पाळना रिकामा राहिला म्हनून लेक परतली न्हाय. आता त्यात कुनीतरी असल्याबिगर तो हलवायचा न्हाय. मी तरी काय बोलू?"

मला गलबलून आलं. चार दिवसांपूर्वी मी मोठ्या तोऱ्यात टाइप केलेला तो शब्द डोळ्यांसमोर नाचायला लागला. मी गोदामात परत गेले आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच न विचारता स्वतःहून म्हटलं, "विमानाने पाठवू या."

"आनि ह्यो?" मामीने वरवंटा छातीशी धरला होता.

"हाही."

"दगूड विमानानं? केवढ्याला पडंल ते!" मामा घाबरले.

आणि इथे मला माझा तो भागाकार आयुष्यात पहिल्यांदा लाडका वाटला. "मामा, ऐका. पाळणा काट्यावर वीस किलो. विमानवाले भाडं घेणार साठ किलोंचं, कारण ते जागा मोजतात. म्हणजे चाळीस किलो हवेचं भाडं तुम्ही आधीच भरताय. त्या हवेत वरवंटा बसला तर वजन होईल चोवीस. साठच्या आतच. तुमचा वरवंटा फुकट जाणार."

मामीने माझ्याकडे संशयाने बघितलं. "फुकट?"

"अगदी. मांडीवर बसलेल्या लहान मुलासारखा."

संध्याकाळी किरीटभाईंना हे सांगितलं तर ते खुर्चीतून पडायचे बाकी होते. "बेन, एकतीस वरसमां तुम्ही पहिल्यांदा विमान विकलं, आणि तेमां पण पत्थर फ्री!"

मग शिक्क्याची पेटी आली, पेंढ्याऐवजी फोम आला. मामांनी पाळणा स्वतः भरला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मामीने टोपडं पुन्हा नीट बांधलं. तांदूळ तिने मुकाट्याने परत घेतले, आणि नारळ तिथेच फोडून गोदामातल्या सगळ्यांना खोबरं वाटलं, कस्टमच्या साहेबांनाही. नवीन कागदावर मी टाइप केलं, लाकडी पाळणा एक, आत दगडी वरवंटा एक, घरगुती वापराचा. मामीने तो मला दोनदा वाचायला लावला.

पाचव्या दिवशी पेटी तिकडे उतरली. तिथल्या साहेबानेही सुजाताला फोन करून विचारलंच, की हा दगड कशासाठी. मामा मला कौतुकाने सांगत होते, "ती म्हनाली, आमच्यात पयला तो निजतो, मंग बाळ. साहेबानं लगेच सोडला."

यानंतर मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण तारखेच्या जवळजवळ महिनाभर आधीच एक दिवस सकाळी मामांचा फोन आला. सुजाताला दवाखान्यात नेलं होतं. एवढंच सांगून मामांनी फोन ठेवला. मी दिवसभर कामात चुका केल्या. दुपारी पुन्हा फोन आला. मुलगी झाली होती. लहानशी, पण ठणठणीत. मी ऑफिसातल्या सगळ्यांना पेढे वाटले, आणि कोणाची मुलगी हे कोणालाच नीट सांगता आलं नाही.

बारशाला मला चौलला आवताण होतं. बारसं हॉलंडला, आणि आम्ही इकडे ओटीवर मोबाइलसमोर रांगेने बसलेलो. पाळण्याला झेंडूच्या माळा, शेजारची एक गोरी बाई वरवंटा घेऊन पाळण्याखाली वाकलेली, आणि मामी इकडून तिला मराठीत ओरडून सांगतेय, "खालनं गं, खालनं दे!" त्या बाईला ते बरोबर कळत होतं. मग बाळाला पाळण्यात ठेवलं. मामांनी नाव ऐकलं की नाही कोण जाणे, ते पाळण्याचा जोड कुठे सुटलाय का तेवढंच बघत होते.

मी सवयीने एक गोष्ट केली. पाळण्याचं ते आधीचं जहाज कुठे आहे, ते मोबाइलवर बघितलं. फ्रान्सच्या बाहेर होतं. अजून बंदराला लागायचं होतं. वरवंट्याने काटा हलवला नसता, तर पाळणा त्या जहाजाच्या पोटात असता आणि बारसं प्लास्टिकच्या टबात झालं असतं, माझ्या सल्ल्याने. हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. आज सांगते आहे, कारण आता मला कोणी कामावरून काढू शकत नाही.

फोन बंद झाल्यावर मामी चहा टाकायला आत गेली. मी तिच्या मागे गेले. चुलीशेजारी पाटा भिंतीला टेकून उभा होता. एकटाच.

"मामी, वरवंटा कुठाय?"

"कुठाय म्हंजे? आत्ता बघितलास की."

"हा घरचा धाडलात? मला वाटलं, नवा आणला असेल."

"सासूबाईंचा हाय तो."

"मग चटणी कशावर वाटता?"

"शेजारनीकडं मिक्सर हाय."

"अहो, सांगायचं तरी. अलिबागच्या बाजारातून नवा आणून दिला असता मी."

मामीने साखर टाकली, चहा ढवळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवा धाडला असता तर तिनं ठेवूनच घेतला असता. आपल्या घरचा म्हटल्यावर परत आनून द्यावाच लागंल ना तिला. मघाशी तू फोनमधी काय बघत व्हतीस तवा तिला सांगितलं, पाटा एकटा पडलाय म्हनून."

"काय म्हणाली?"

"म्हनाली, कधी आनू?"

मी आपलं धंद्यातलं बोलले. "मामी, तिला म्हणावं, हातातल्या बॅगेत घालू नको. विमानतळावर काढून घेतात. मोठ्या बॅगेत टाक म्हणावं."

मामीने चहा गाळला आणि पहिला कप माझ्या हातात दिला.

"हातातल्या बॅगेत कशी घालंल? दोनी हात पोरीला लागतील की तिचे."